खडकाशेजारी एक माणूस

या अफाट सृष्टीत माणसाची जागा नेमकी किती, हा प्रश्न विचारवंतांना फार जुन्या काळापासून छळत आला आहे. सौंसरच्या नामदेवरावांनी त्याचं उत्तर नोकरीच्या पहिल्याच वर्षी काढलं आणि पुढं त्यावर फेरविचार केला नाही. माणसाची जागा साधारण साडेपाच फूट. माणूस हाताशी नसेल, तर हातोडा चालतो.

नामदेवराव माझे शेजारी. दोन घरांत भिंत एकच, त्यामुळं एकमेकांच्या खोकल्याची आम्हाला ओळख होती. मी इथल्या कॉलेजात इतिहास शिकवायचो, म्हणजे जे मोजता येत नाही त्याबद्दल ठामपणे बोलायचो. नामदेवरावांचं काम याच्या नेमकं उलट होतं. ते मॅंगनीजच्या एका खाणीत सर्व्हे खात्यात होते. हुद्दा लहान, पण डोंगर मोठे.

आमचा तालुका कापसासाठी आणि संत्र्यांसाठी प्रसिद्ध आहे, असं आम्ही समजतो. बाहेरच्या जगात तो प्रसिद्ध आहे तो दगडांसाठी. भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत इथल्या खडकांना सौंसरचंच नाव दिलेलं आहे. गावात हे फारसं कुणाला ठाऊक नाही, म्हणून त्याचा फलक लागलेला नाही. शेजारच्या पांढुर्ण्यालाही लोक दगडांसाठीच ओळखतात, पण ते गोटमारीत एकमेकांवर फेकायचे दगड. नामदेवरावांचा संबंध न फेकलेल्या दगडांशी होता.

खाणीवर त्यांचे पहिले साहेब बंगाली होते. त्यांनी नामदेवरावांच्या हातात टेप दिला, हातोडा दिला, आणि हात थरथरत नाही हे पाहून पुढं कॅमेराही दिला. त्यासोबत दोन नियम दिले. पहिला असा : "बिना स्केल का फोटो अफवा होता है, नामदेव." खडकाचा नुसता फोटो काढला तर तो हाताएवढा आहे की हत्तीएवढा, हे पाहणाऱ्याला कळत नाही. म्हणून खडकाशेजारी माहीत असलेल्या मापाची वस्तू ठेवायची. पेन, हातोडा किंवा माणूस. दुसरा नियम असा, की माणूस उभा केला तर त्यानं खडकाकडं पाहायचं, कॅमेऱ्याकडं नाही. कारण त्यानं कॅमेऱ्याकडं पाहिलं की पाहणाराही त्याच्याचकडं पाहत बसतो आणि खडक राहून जातो.

साहेब दोन वर्षांत बदलून गेले. नियम राहिले.

नामदेवराव अंगानं काटक. चालताना नजर जमिनीवर, डावा डोळा कायम बारीक केलेला. कुणाच्या घरी गेले की आधी छताकडं पाहत आणि मग बसत. "दहा फूट दोन इंच," असं चहाच्या आधी म्हणून टाकत. विशेषणांवर त्यांचा विश्वास नव्हता. कुणी म्हणालं, की भाऊ, काल मोठा साप निघाला, तर ते विचारत, "मोठा म्हंजे केवढा?" कुणी म्हणालं, की अमक्याचं मन फार मोठं आहे, तर तिथंही तोच प्रश्न. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा कुचकेपणा वाटे. तो कुचकेपणा नव्हता. त्यांना खरंच आकडा हवा असे.

त्यांना उज्ज्वला झाली तेव्हा बारशाला त्यांनी स्वतः फोटो काढला. पाळण्यातून लेकरू काढून सतरंजीवर ठेवलं आणि त्याच्या बाजूला आपला भूगर्भाचा हातोडा ठेवला. सासूबाई पदर खोचून पुढं आल्या.

"लेकराच्या बाजूले लोखंड काहून ठेवून राहिले जवाईबापू? अपशकून करता काय?"

"अपशकून नाई बाई. स्केल."

"म्हंजे?"

"मंग लेकरू केवढं आहे, हे लोकायले कसं समजन?"

"डोये नाई काय लोकायले?"

तो फोटो मी पाहिला आहे. लेकरू हातोड्यापेक्षा थोडं लांब होतं. सासूबाई त्यानंतर दोन वर्षं त्यांच्या हातचं पाणी प्यायल्या नाहीत, असं सांगतात, पण तसं त्या आधीही फारसं पीत नव्हत्या.

घरी पाहुणे आले की नामदेवराव त्यांना फिरायला नेत. पाहुण्यांची समजूत अशी असे, की जामसांवलीला मारुतीचं दर्शन, मग एखाद्या मळ्यात संत्री, मग जेवण. दर्शन होत असे. त्यानंतर मात्र गाडी भलतीकडंच वळे. कन्हानच्या कोरड्या पात्रात, एखाद्या सोडून दिलेल्या खाणीच्या काठावर किंवा छिंदवाड्याच्या रस्त्यानं सिल्लेवाणीच्या घाटात. तिथं सागाची पानं गळलेली, पळसाचे काळे बुंधे, मधूनच गुलाबी संगमरवराचा पट्टा, आणि काळे दगड असे की हात लावला तर हाताला काजळी लागावी. पाहुण्यांच्या बायका केस सारखे करत, पुरुष शर्टाच्या कॉलरी. नामदेवराव कॅमेरा घेऊन मागं मागं जात, इतके मागं की त्यांना ओरडून बोलावं लागे. महिनाभरानं पाहुण्यांना पोस्टानं फोटो मिळे. एक अख्खी डोंगरकडा आणि तिच्या पायथ्याशी चार ठिपके. एकदा नागपूरहून एका साडूंचं पत्र आलं, "फोटो पोचला. फार छान आला आहे. आम्ही कोठे आहोत?" नामदेवरावांनी उलट टपाली कार्ड पाठवलं, "डावीकडून तिसऱ्या झुडपाखाली."

त्यांची कीर्ती गावाबाहेर गेली ती एका बंधाऱ्यामुळं. बोरगावकडच्या एका नाल्यावर बंधारा बांधला गेला आणि त्याच्या उद्घाटनाला एक मोठे पुढारी आले. हार झाले, नारळ झाला, भाषण झालं, पण ज्याला फोटो काढायचा होता त्याची मोटारसायकल पंक्चर झाली होती. कुणीतरी नामदेवरावांना बसवून आणलं. नामदेवरावांनी भिंत पाहिली, मग पुढाऱ्यांना पाहिलं.

"साहेब, तुमची उंची किती?"

पुढाऱ्यांना हे आवडलं. "पाच फूट सहा. का हो?"

"जमते. आता भिंतीले तोंड करून उभे राहा."

पुढारी लोकांना फोटोवाल्याचं ऐकायची सवय असते. ते फिरले. ते फिरले म्हणून मागचे चौघेही फिरले. वर्तमानपत्रात फोटो छापून आला, पाच पाठी आणि खाली डावीकडून उजवीकडं पाच नावं. संध्याकाळी पुढाऱ्यांची माणसं जीपमधून नामदेवरावांच्या घरी आली. दाराशी आवाज चढला तसा मीही बाहेर आलो.

"तुम्ही साहेबांचा पाणउतारा करून राहिले काय बुढेबाबा?"

"नाई जी," नामदेवराव म्हणाले आणि त्यांनी आतून फोटो आणला. त्यावर पेन्सिलीनं बारीक रेघा मारलेल्या होत्या. "साहेब पाच फूट सहा. म्हंजे भिंत अकरा फूट निघते. तिथच्या बोर्डावर पंधरा लिहून आहे. बोर्ड चुकला वाट्टे."

माणसं थोडा वेळ फोटोकडं पाहत राहिली. मग त्यांनी पाणी मागितलं, पाणी प्यायली आणि गेली. नामदेवरावांना त्यात आपण काही पराक्रम केला असं वाटलं नाही. बोर्ड चुकला, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. पुढं कुणी त्या फोटोची प्रत मागितली नाही.

आता कुसुमवहिनींबद्दल सांगितलं पाहिजे, कारण नामदेवरावांच्या हजारो फोटोंमध्ये खडकांखालोखाल त्याच आहेत.

वहिनी बरोब्बर पाच फूट. नामदेवरावांच्या दृष्टीनं हा त्यांचा फार मोठा गुण होता. साडेपाच फुटाचा माणूस घेतला की अपूर्णांक येतात, पाचाचा हिशेब तोंडी होतो. रविवारी भाकरी, ठेचा आणि पाण्याची बाटली घेऊन दोघं बसनं निघत आणि कुठल्या तरी फाट्यावर उतरून डोंगरात शिरत. वहिनी खडकापाशी उभ्या राहत, खडकाकडं तोंड करून. नामदेवराव लांबून सांगत, "डावीकडं. अजून एक पाऊल. बस." मग कॅमेऱ्याचा आवाज होई. मग वहिनी मागं न पाहता विचारत, "किती निघाला?" नामदेवराव मनातल्या मनात भागाकार करून सांगत, "अठ्ठावीस फूट." वहिनी म्हणत, "चांगला आहे." मग भाकरी.

एवढाच त्यांचा संवाद, असं म्हणून मी एकदा आमच्या घरी हसलो होतो. माझी बायको म्हणाली, "आपला तेवढाही होत नाही."

त्यांच्या घरी लोखंडी पेट्यांत ते सगळे फोटो आहेत. ओळीनं पाहिले तर खडक बदलतात, बाई तीच. आधी कंबरेपर्यंत जाड वेणी, मग पातळ वेणी, मग अंबाडा, मग पांढरा अंबाडा. पाठ ताठ, मग किंचित वाकलेली. उतारवयात वहिनी भरल्या चार फूट अकरा इंच. नामदेवरावांनी त्या वर्षापासूनच्या हिशेबात दुरुस्ती केली. जुने आकडे त्यांनी तसेच ठेवले, कारण ते त्या वेळी बरोबर होते.

चेहरा मात्र एकाही फोटोत नाही. लग्न खेड्यात झालं, तिथं फोटोवाला नव्हता. आणि पुढं इतकी वर्षं कॅमेरा दिसला की खडकाकडं वळायचं, अशी वहिनींच्या मानेलाच सवय लागली. मोबाइल आले, लोक ताटातल्या जिलबीचे फोटो काढू लागले, तरी समोर मोबाइल धरला की वहिनी जवळ जी भिंत असेल तिच्याकडं वळत. भिंत नसेल तर कपाटाकडं. मुलीच्या लग्नात त्या स्टेजवरच्या पडद्याकडं वळल्या आणि पाहुण्यांना वाटलं, विहीणबाई रुसल्या. आधारकार्डाच्या वेळी केंद्रावरच्या बाईनं त्यांची हनुवटी दोन्ही हातांनी धरून ठेवली, तेव्हा कुठं फोटो झाला. त्या कार्डावर एक चेहरा आहे. तो कुसुमवहिनींचा आहे असं कार्डाशिवाय कुणीच म्हणत नाही.

मागच्या पावसाळ्यात वहिनींच्या पोटात दुखू लागलं. नागपूरला नेलं. मी सोबत होतो. डॉक्टर भला माणूस होता. आजार बराच मोठा आहे, आता पुढं नेऊन त्रास देण्यात अर्थ नाही, असं तो हळू आवाजात म्हणाला.

"मोठा म्हंजे केवढा?" नामदेवरावांनी विचारलं.

डॉक्टरनं स्कॅनची फिल्म उजेडावर धरली आणि पेनाचं टोक एका जागी ठेवलं. "सहा सेंटीमीटर."

नामदेवरावांनी मान हलवली. परतीच्या रस्त्यात लोधीखेड्याच्या जवळ एकदा त्यांनी अंगठा आणि तर्जनी ताणून अंतर धरलं, त्याच्याकडं पाहिलं आणि हात खिशात घातला. वहिनी मागच्या सीटवर झोपल्या होत्या, किंवा झोपल्यासारख्या होत्या.

थंडीत उज्ज्वला आणि जावई अभिजित पुण्याहून आले. ही भेट कशासाठी आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, वहिनींनाही. सकाळी पोहे झाले होते, मी पेपर परत द्यायला गेलो आणि चहाला थांबलो. वहिनी खाली बसून मेथी निवडत होत्या.

"बाबा," उज्ज्वला म्हणाली, "या वेळेस एक फोटो काढून द्या. आईचा. चेहऱ्याचा."

"बरं."

"दगड नको."

"बरं."

"हसणारा नसला तरी चालते. डोळे पाहिजेत मला."

"आत्ताच काढू या की," अभिजित म्हणाला आणि त्यानं मोबाइल वर केला. वहिनी मेथीच्या ताटासकट भिंतीकडं वळल्या.

"पाहिलं काका?" उज्ज्वला मला म्हणाली. "माझ्या मोबाइलमध्ये आईचे हजार फोटो आहेत. एकात डोळे नाहीत."

"मी काई मुद्दाम नाई करत वो," वहिनी भिंतीला म्हणाल्या. "मानच फिरते."

नामदेवरावांनी ते काम अंगावर घेतलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ते बसनं एकटेच सिल्लेवाणीला गेले. तिसऱ्या दिवशीही गेले. दोन्ही वेळा दुपारी परत आले आणि पायरीवर बसून चपलांतली माती झाडली.

"साडेनऊ ते दहा," त्यांनी सांगितलं. "त्याच्यानंतर सावली पडते."

"बाबा, घरात खिडकीपाशी छान उजेड आहे," अभिजित म्हणाला. "आईंना एवढं लांब कशाला?"

"घरात चपटं येते."

उज्ज्वलाला ते पटलं नव्हतं. ती आईकडं पाहू लागली. वहिनी म्हणाल्या, "जाऊ दे ना पोरी घाटात. घरी तं भिंतीच भिंती आहेत, किती जागी मान धरशील?"

चौथ्या दिवशी माझ्या गाडीतून आम्ही पाच जण निघालो. एक प्लास्टिकची खुर्ची टपावर बांधली. जांब नदीच्या पुलावर धुकं होतं, पुढं ते निवळलं. वहिनी काचेतून बाहेर पाहत होत्या आणि अधूनमधून एखादी जागा ओळखत होत्या. "हा एकोणीसवाला." "तो वर दिसून राहिला तो, तिथं मले मधमाशी चावली होती." नामदेवराव पुढच्या सीटवर होते. त्यांच्या मांडीवर निवृत्तीच्या वेळी घेतलेला डिजिटल कॅमेरा होता. तोही आता म्हाताराच झाला होता.

घाटात एका वळणावर रस्ता सोडून थोडं आत गेलं की एक उभा कडा आहे. त्यात करड्या आणि गुलाबी खडकाच्या वळ्या एकीवर एक अशा दुमडल्या आहेत, की एखाद्या बाईनं निऱ्या घालता घालता काम अर्धं सोडून उठून जावं. तिथपर्यंत वहिनी चालत गेल्या, एका बाजूनं लेक, एका बाजूनं जावई. खुर्चीवर बसल्या, दम घेतला, मग उठल्या. नामदेवरावांनी त्यांना कड्यापासून दोन-तीन पावलं पुढं, उन्हात उभं केलं आणि मागं गेले. या वेळी फार मागं नाही.

वहिनी कड्याकडं वळल्या.

"कुसुम. इकडं पाह्य."

"काहून? दगड तं इकडं आहे."

"आज दगड नाई. तूच."

वहिनींनी पाठमोऱ्याच विचारलं, "मंग मोजाचं काय?"

नामदेवरावांनी कॅमेरा खाली केला, लेन्स पुसली. ती स्वच्छ होती.

"आई, स्माइल प्लीज," अभिजित बाजूनं म्हणाला. त्याच्याकडं कुणी पाहिलं नाही.

"आई, माझ्यासाठी," उज्ज्वला म्हणाली. "एकदाच. मान मी धरू काय?"

"नको. थांब."

वहिनींनी एक हात मागच्या खडकाकडं नेला. तो पोचला नाही, तसा परत आणला. मग त्या वळल्या. आधी पाय, मग खांदे, शेवटी मान. शेजारी म्हणून इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा मी रोज पाहिला होता. तरी त्या कॅमेऱ्याकडं पाहत होत्या तेव्हा मला जरा संकोचल्यासारखं झालं आणि मी रस्त्याकडं पाहिलं. कॅमेऱ्याचा आवाज अकरा वेळा झाला.

"झालं?"

"झालं."

"किती निघाला?"

नामदेवरावांनी वहिनींच्या मागच्या कड्याकडं पाहिलं. "चौतीस फूट."

"चांगला आहे," वहिनी म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या.

परत येताना उज्ज्वला आईच्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती. ती त्या दिवसांत पहिल्यांदाच काही खायला मागत होती. रामाकोन्याला थांबून आम्ही भजी घेतली.

संध्याकाळी अभिजितनं फोटो लॅपटॉपवर घेतले. आम्ही सगळे मागं उभे राहिलो. वहिनी आत झोपल्या होत्या. पहिला फोटो उघडला. कडा अप्रतिम आला होता. प्रत्येक वळी, वळीतली प्रत्येक चकाकी, एका भेगेत कोळ्याचं जाळं, त्यावरचा दंवाचा थेंबसुद्धा. त्याच्यापुढं एक बाई होती. तिचा चेहरा धुक्यातून पाहावा तसा होता. डोळ्यांच्या जागी दोन करड्या सावल्या.

दुसरा तसाच. अकराही तसेच.

फोकस मागच्या खडकावर होता. नामदेवरावांच्या बोटांनी आपलं काम केलं होतं. चूक म्हणावी तर ती चूक नव्हती. इतकी वर्षं तेच बरोबर होतं.

"खडक चांगला आला," नामदेवराव म्हणाले. ते असं का म्हणाले, ते मला आजही सांगता येत नाही. कदाचित तेवढंच तिथं खरं होतं. उज्ज्वलानं लॅपटॉप मिटला आणि ती आत जाऊन आईच्या पायांपाशी बसली.

"उद्या पुन्हा जाऊ," नामदेवराव थोड्या वेळानं दाराकडं पाहून म्हणाले. "साडेनऊला."

दुसऱ्या दिवशी वहिनींना ताप होता. तिसऱ्या दिवशीही होता. त्यानंतर त्या गाडीत बसल्या त्या नागपूरच्या दवाखान्यात जायला. तिथं कुणी फोटो काढायचं मनात आणलं नाही. त्या परत आल्या आणि माघ संपायच्या आत गेल्या. नामदेवराव कोपऱ्यात बसून होते. लोक येत, त्यांच्या गुडघ्याला हात लावत, मोठं दुःख आहे म्हणत. त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही.

तेरवीला फोटो हवा होता. उज्ज्वलानं अकरांतला एक मला पेनड्राइव्हवर दिला. "जसा आहे तसा मोठा करून आणा काका. अंधूक तर अंधूक." मेन रोडवरच्या स्टुडिओवाल्याला मी तसंच सांगितलं. त्यानं फोटो पाहिला आणि माझ्याकडं दयेनं पाहिलं.

"सर, अब सब हो जाता है. कॉम्प्युटर स्वतः चेहरा बनवते. फक्त वय सांगा बाईचं."

"बनवू नका. आहे तोच ठेवा."

"ठीक आहे सर. और बॅकग्राउंड?"

"तेही आहे तेच."

"ठीक आहे," तो म्हणाला. वय त्यानं पुन्हा विचारलं आणि मी सांगितलं. ते मी का सांगितलं, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. तेरवीच्या सकाळी त्यानं सोनेरी चौकटीतली तसबीर कागदात गुंडाळून दिली. घरी येऊन कागद काढला. चौकटीत कंबरेपर्यंत एक गोरीशी, नितळ कांतीची बाई होती. तिला दोन टपोरे, सारखे डोळे होते. तिच्यामागं कडा नव्हता. हिरवळ होती, आणि तिच्या खांद्यापाशी गुलाबाचा ताटवा. मी स्टुडिओवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "सर, तेरवीले दगड बरा नाई दिसत."

दुसरी तसबीर करायला वेळ नव्हता. हीच पाटावर ठेवली, हार घातला. लोक आले. "अगदी तशाच आल्या आहेत," म्हणाले. एक निवृत्त अधिकारी दोन शब्द बोलायला उभे राहिले. वहिनींशी त्यांची भेट झाली असेल तर दारातूनच. ते म्हणाले, की या डोळ्यांतली माया आपण सर्वांनी अनुभवली आहे आणि या तेजस्वी नजरेनं हे घर कायम उजळत राहील. लोकांनी माना खाली घातल्या.

उज्ज्वला उदबत्ती सरळ करत होती. मी तिच्यापाशी जाऊन म्हणालो, "मी त्याला नाही सांगितलं होतं."

"राहू द्या काका," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "डोळे आले ना शेवटी. कोणाचे आहेत, काय माहीत."

पंगत बसली आणि खोली रिकामी झाली. नामदेवराव तसबिरीसमोर येऊन उभे राहिले. गेल्या तेरा दिवसांत ते पहिल्यांदाच काही नीट पाहत होते. त्यांनी डावा डोळा मिटला, हात लांब केला, अंगठा उभा धरला, मग आडवा धरला.

"सर, गुलाब केवढा असते?"

"कोणता?"

"हाच. बगिच्यातला."

"असेल तीन इंच."

ते पुटपुटत हिशेब करत राहिले. मग त्यांनी हात खाली घेतला.

"कंबरेखालची धरून ही बाई बावीस इंचाची होते," ते म्हणाले. "कुसुम चार फूट अकरा होती. ही ती नाई."

आतून उज्ज्वलानं हाक मारली, "बाबा, पान वाढलं," आणि ते जेवायला गेले. चार दिवसांनी ती त्यांना पुण्याला घेऊन गेली. पेट्या सोबत नेल्या. तसबीर इथंच आहे, घराची किल्ली माझ्याकडं असते.

मागच्या आठवड्यात मी फुटपट्टी घेऊन गेलो होतो. गुलाब तीन इंचाचा धरला, तर ती बाई साडेएकवीस इंच भरते.